जीपला जोडलेली खोली

ज्याला बलांचे समतोल सोडवता येतात, त्याला लग्नकार्यात कोणतीही अडचण येऊ शकत नाही, असे माझे ठाम मत होते. ‘होते’ हे क्रियापद मी विचारपूर्वक वापरले आहे.

मी कल्याणच्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत असे आणि डोंबिवलीला राहत असे. आमच्या रतनचे लग्न ठाण्याच्या उत्तमशी ठरले, आणि तेही माझ्या आग्रहाखातर पत्रिका न पाहता! शनी आणि मंगळ यांची वस्तुमाने मला पाठ आहेत. दोघांपैकी कोणालाही माझ्या भावी जावयाचा पत्ता ठाऊक असण्याची शक्यता नाही, हे मी उत्तमच्या आईंना, म्हणजे कमळाबाईंना, सोदाहरण समजावून सांगितले. कमळाबाई सर्व अर्थांनी भारदस्त. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि पदराचे टोक नीट करत म्हणाल्या, "बरं, नाही बघत पत्रिका. पण कार्यात काही विघ्न आलं, तर अक्षता पडायच्या आधी मी गुरुजींना विचारणार. मग तुम्ही मध्ये बोलायचं नाही."

विघ्न या संकल्पनेवर माझा विश्वास नव्हता, म्हणून मी ती अट आनंदाने मान्य केली.

कार्यालय टिटवाळ्याचे होते. तारखा संपत आल्या होत्या, त्यामुळे मिळाले तेच मोठे नशीब. (हा शब्द माझ्या पत्नीचा, मंजुळाचा.) मात्र तेथे खोली एकच, आणि रिवाजाप्रमाणे ती वरपक्षाची. वधूने शालू कुठे नेसायचा? व्यवस्थापकाने भटारखान्यालगतचा एक पडदा दाखवला. पडद्यापलीकडे आचारी कांदे चिरणार होते! रतनने तो पडदा उचलून पाहिला आणि सोडून दिला. तिच्या वाटचे मंजुळा घरी येईपर्यंत बोलत होती. अखेर मी जाहीर केले, "खोली नाही ना? मग मी खोली घेऊन येतो."

हे वाक्य अलंकारिक नव्हते. कल्याणजवळच्या मोहने गावात माझा एक मित्र रस्त्यांची कंत्राटे घेई. त्याच्या आवारात चाकांवरची एक खोली पडून होती. पूर्वी आडरानात काम असले की इंजिनिअर तीत मुक्काम करत. समोरासमोर दोन बाक, भिंतीत बसवलेला आरसा, हात धुण्याचे भांडे, जाळीच्या खिडक्या. पुढे जोडदांडा, मध्यभागी चाके आणि मागे, आतल्या बाजूला उघडणारे दार. हे दार वाचकांनी लक्षात ठेवावे. मी ठेवले नव्हते.

आता प्रश्न उरला तो ही खोली ओढणाऱ्या वाहनाचा. मुलीची पत्रिका न जुळवणाऱ्या मी खोलीसाठी मात्र कसून स्थळे पाहिली! पहिले स्थळ माझ्या मेहुण्याची, रघूची, मोटार. तिच्याहून खोलीच जड. उतारावर कोण कोणाला नेत आहे याचा निर्णय करणे अवघड गेले असते. दुसरे स्थळ एक ट्रॅक्टर. शक्ती भरपूर, पण त्याच्या चालीने निघालो असतो तर रतनच्या बारशाच्या दिवशीच निघायला हवे होते. तिसरे स्थळ कळव्याच्या दामाजीची जीप. दामाजी माझा जुना विद्यार्थी. माझ्याच विषयात अडखळून शिक्षण सोडले आणि वडिलांच्या मासळीच्या धंद्यात शिरला. "सर, माजी जीप खाडीतून होडी वढून काढते," तो म्हणाला. "तुमची खोली तर चाकांवर हाय."

मी त्याला समजावले की ओढता येणे हा या प्रश्नाचा सोपा भाग आहे. थांबवता येणे हा कठीण. वाहन खोलीहून जड हवे, ब्रेक खणखणीत हवेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खोलीच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा जोडदांड्यातून जीपच्या पाठीवर टेकलेला हवा. तो कमी झाला की खोली शेपूट हलवू लागते. आणि सामान मागे मागे भरत गेलात, तर दांडा खाली दाबण्याऐवजी जीपचा मागचा भाग चक्क वर उचलू पाहतो! दामाजीने मान डोलावली. वर्गातही तो अशीच डोलावत असे.

मी मोहन्याच्या वजनकाट्यावर दोन्ही वाहने तोलली. जोडदांड्याखाली आमच्या घरचा वजनाचा काटा ठेवून तेथील भार मोजला. मग खोलीच्या फरशीवर, चाकांच्या बरोबर वर, खडूने चौकोन आखून लिहिले, ‘जड सामान येथेच’. जीप आणि खोली यांचे सगळे गुण जुळले होते! मंजुळाने चाकाखाली लिंबू ठेवावे असे सुचवले. त्या आकाराच्या फळाचा त्या आकाराच्या चाकावर होणारा परिणाम मी तिला सांगितला, आणि विषय संपला.

लग्नाच्या सकाळी खोली आमच्या दारात उभी राहिली तेव्हा अख्खी चाळ गोळा झाली. मी जातीने सामान लावले: तांब्याचे घंगाळ, हंडे, पाटा-वरवंटा, सगळे रुखवत खडूच्या चौकोनात. काट्यावर अपेक्षित तोच आकडा आला. मी समाधानाने दाढी करायला वर गेलो.

तेवढ्यात मंजुळाची थोरली बहीण, शेवंतीमावशी, खोलीत शिरली. मावशीने पंचक्रोशीतली रुखवते मांडली आहेत. तिच्या शास्त्रात एक नियम अढळ आहे: कार्यालयात सर्वांत आधी रुखवत उतरते, बाकीचे सामान मागाहून. दार मागे, म्हणून रुखवत दाराशी. शालूची पेटी आणि गाद्या पार पुढे. खोलीचे मागचे टोक हेच मिरवणुकीचे पुढचे टोक, हे भूमितीतले तत्त्व मला आजवर सुचले नव्हते! खडूच्या चौकोनात तिने रांगोळी काढली आणि त्यावर पाच सुपाऱ्या ठेवल्या. मग ती बाकीच्या मंडळींबरोबर आगगाडीने पुढे गेली.

आम्ही निघालो. दामाजी चालवत होता, मी शेजारी. मागच्या बाकांवर मंजुळा आणि रतन, आणि त्यांच्या पायांशी वजनाचा काटा. खोलीत मी कोणालाही बसू दिले नाही. सुरक्षिततेचा हा एक नियम तेवढा शेवटपर्यंत पाळला गेला.

कल्याणपर्यंत मी उत्साहाने भरून गेलो होतो. रस्त्यात लोक थांबून पाहत होते! मग दामाजीने वेग वाढवला आणि खोली डुलू लागली. आधी हलकेच, मग एखाद्या हत्तिणीसारखी. दामाजीचा पाय ब्रेककडे वळला. मी बजावले की ब्रेक नको, नुसता वेग उतरव. वेग उतरला, डुलणे थांबले. पण मी थांबून सामान तपासायला सांगण्याआधीच शहाडच्या पुलाचा चढ लागला. चढावर हंडे आणखी मागे घरंगळले. तो आवाज आम्ही जीपमध्ये ऐकला. जोडदांडा वर उठला, जीपची मागची चाके अधांतरी झाल्यासारखी जागच्या जागी फिरू लागली, रबराचा वास सुटला आणि जीप थांबली.

चाकांना दगड लावून मी दाराकडे धावलो; मंजुळा आणि रतनही खाली उतरल्या. दार आत उघडणारे. आतून त्याला पाटा, वरवंटा आणि घंगाळ टेकलेले! ते तसूभरही हलेना.

मागे वाहनांची रांग लागली. रांगेत पहिली होती ती एक मिनीबस, झेंडूच्या माळा लावलेली. तिच्या काचेमागे मुंडावळ्या बांधलेला उत्तम बसला होता. रतनने ताबडतोब वर्तमानपत्र तोंडासमोर धरले. वरपक्षातले पुरुष उतरून खोली रेटू लागले. बँडवाल्यांनी प्रसंग ओळखून वाजवायला सुरुवात केली. जीपची चाके तरीही निसटतच होती. आणि मग मिनीबसच्या पायरीवर कमळाबाई उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे त्यांच्या दोघी बहिणी, त्याच बांध्याच्या.

"काय झालं?" त्यांनी विचारले. विघ्न हा शब्द अजून उच्चारला गेला नव्हता, पण त्यांच्या चेहऱ्यावर गुरुजी दिसू लागले होते.

माझ्या डोक्यात त्या क्षणी सगळे लख्ख झाले! मागची चाके घसरत होती कारण त्यांच्यावर भार नव्हता. भार कमी करता येत नसेल तिथे भार वाढवावा. जीपच्या मागच्या टोकावर साधारण दोन-अडीचशे किलो हवे होते, आणि ते माझ्यासमोर नथ घालून उभे होते! फक्त निश्चित आकडा कळायला हवा होता. मी काटा उचलून पुढे झालो. "विहीणबाई," मी अत्यंत आदराने म्हणालो, "एक माहिती हवी होती. आपण जरा यावर—"

मंजुळाने काटा माझ्या हातातून काढून घेतला. "ह्यांचं म्हणणं असं," ती म्हणाली, "की वरमाईंनी बसमधून का यावं? ही जीप त्यासाठीच तर सजवून आणलीय. मागची मानाची जागा तुमची. आणि मावश्यांचीही."

जीप सजवलेली नव्हती. मी तसे सांगणार होतो. पण रतनने वर्तमानपत्राआडून माझ्या पायावर पाय दिला.

कमळाबाईंनी जीपकडे पाहिले, बँडकडे पाहिले, थांबलेल्या रांगेकडे पाहिले. "एवढा पुलावर ताफा थांबवलात माझ्यासाठी," त्या म्हणाल्या. तिघी बहिणी मागच्या बाकांवर, दांड्याच्या अगदी जवळ, विराजमान झाल्या. मंजुळा आणि रतन पुढे आमच्याजवळ बसल्या. जीपने खाली बसत एक दीर्घ उसासा टाकला. दामाजीने गिअर टाकला, पुरुषांनी रेटले, चाकांनी रस्ता धरला, आणि वाजतगाजत आम्ही पूल ओलांडला! पदार्थविज्ञानाचा असा निर्विवाद विजय मी कोणत्याही प्रयोगशाळेत पाहिलेला नाही.

टिटवाळ्याला सपाट जागेवर खिडकीतून काठी घालून आतले सामान एकेक करून सरकवले, तेव्हा दार उघडले. "बघा, रुखवत पहिलं निघालं की नाही," दारात उभी असलेली शेवंतीमावशी म्हणाली.

कमळाबाई तोवर खोलीत डोकावल्या होत्या. आरसा पाहिला, बाकावर हात दाबून पाहिला, भांड्याचा नळ सोडून पाहिला. "हीसुद्धा आमच्यासाठीच?" त्यांनी विचारले.

"तर काय," मंजुळा म्हणाली, आणि रतनच्या शालूची पेटी तिने गुपचूप बाहेर काढली.

वरपक्षाची सगळी बायकामंडळी माझ्या खोलीत शिरली. कार्यालयातल्या खोलीची किल्ली कमळाबाईंनी रतनच्या हातात ठेवली. आम्हांला आता ती काय करायची, असे म्हणून. रतन त्या खोलीत, कडी लावून, स्वस्थपणे शालू नेसली. म्हणजे मी मोहन्याहून जी खोली ओढून आणली, तिचा उपयोग एवढाच झाला की जी खोली तिथे मुळातच होती ती आम्हांला मिळाली!

दामाजी जीप सोडवून बर्फ आणायला निघाला होता. खोलीच्या मागच्या टोकाला तेव्हा सात जणी बसल्या होत्या; जीप सुटताच दांडा वर उठणार आणि खोली मागे कलंडणार! मी त्याला हाताला धरून दांड्यावरच बसवले. मंगलाष्टकांत गुरुजी प्रत्येक वेळी ‘सावधान’ म्हणाले की मी खिडकीतून तिकडे पाहत होतो.

निरोपाच्या वेळी कमळाबाईंचे डोळे भरून आले. "पत्रिका नव्हती पाहिली, म्हणून मनात धाकधूक होती," त्या म्हणाल्या. "पण असा मान आमच्यात कुणाला मिळाला नाही. आता धाकट्याच्या लग्नातही जीप आणि मागे खोली, असंच यायचं मी. सांगली, जत, कुठूनही मुलगी आणू. घाट असला तरी चालेल. व्याही, सगळं तुम्हीच जुळवून द्या."

मी होकार दिला. दुसरे काय करणार होतो? जीपचे वजन मला ठाऊक आहे, खोलीचे ठाऊक आहे, घाटाचा चढ काढता येईल. सगळे गणित तयार आहे. एक आकडा तेवढा उरला आहे, आणि तो विचारण्याची पद्धत मला पदार्थविज्ञानाच्या कोणत्याही पुस्तकात अद्याप सापडलेली नाही.