ससेवहिनींचं अंथरूण आणि साळूताईचा खड्डा

एका जंगलात (कुठल्या ते विचारू नका, सांगितलं तरी तुम्हाला तिकडे कोणी नेणार नाही) साळूताई नावाची एक साळिंदरीण राहत होती. अंगभर काटे, पण स्वभाव असा भिडस्त, की कोणी तिच्या पायावर पाय दिला तर हीच विचारायची, "लागलं नाही ना तुम्हाला?"

साळूताईची एक छोटी वाडी होती. वाडी कसली, नुसता मुरूम. दोन वर्षं तिने दुधी लावला. दोन्ही वर्षं वेल हातभर वाढला आणि वाळून गेला.

होळी झाल्यावर जंगलाचे मुख्य अस्वलराव स्वतः येऊन सांगून गेले. "ताई, नियम तुम्हाला माहीत आहे. दसऱ्यापर्यंत वेलावर फळ दिसलं नाही, तर वाडी दुसऱ्या कोणाला द्यावी लागेल."

साळूताई जन्मली होती याच वाडीत. तिला रडूच आलं.

खरं तर उपाय कुंपणापलीकडेच होता. शेजारी ससेवहिनी राहायच्या. त्या शहरातल्या एका बंगल्यात, पिंजऱ्यात राहून आलेल्या, आणि हे त्या भेटेल त्याला पहिल्या पाच मिनिटांत सांगायच्या. बंगल्यातली एक सवय त्यांनी जंगलातही सोडली नव्हती. बिळात वाळलं गवत आणि लाकडाचा भुसा अंथरायचा, आणि दर चार दिवसांनी बदलायचा. भुसा सुतारपक्ष्याकडून यायचा. घरात अकरा पोरं. चार दिवसांत त्या अंथरुणाचं काय होत असेल, ते तुम्हीच समजा. हसताय काय? तुम्हीही लहानपणी काही वेगळं केलेलं नाही.

ते जुनं अंथरूण वहिनी ओढ्याकाठी फेकून द्यायच्या. साळूताईचा जीव तळमळायचा. लेंड्या, भिजलेला भुसा, मध्ये मध्ये वाळला पाला, वर थोडं पाणी. खड्ड्यात अडीच महिने कुजू द्यायचं, अधूनमधून खालीवर करायचं, की झालं काळंभोर खत.

तीन दिवस धीर गोळा करून साळूताई कुंपणाशी गेली. "वहिनी, तुमचं ते जुनं अंथरूण मला द्याल का? वाडीत घालीन म्हणते."

ससेवहिनींना भरून आलं. जंगलात आल्यापासून त्यांच्याकडे कोणी काही मागितलंच नव्हतं. "अहो, विचारता काय? चार दिवसांनी घेऊनच येते."

आणि टोपली आली. भुसा ओढ्यावर नेऊन तीनदा धुतलेला. गवत उन्हात वाळवलेलं. लेंड्या एकूण एक वेचून काढलेल्या. वर वासाला तुळशीची दोन पानं.

"शेजाऱ्याला द्यायची वस्तू तशीच कशी द्यायची?" ससेवहिनी म्हणाल्या. "मला नाही बाई जमत."

तुम्ही म्हणाल, मग सांगायचं सरळ. तुम्ही सांगाल हो, तुम्हाला काय! चांगल्या घरच्या बाईला तोंडावर कसं म्हणायचं, की तुमच्या पोरांची घाण पाठवा? साळूताई म्हणाली, "किती त्रास घेता!" आणि तो धुतलेला भुसा तिने मुकाट्याने खड्ड्यात घातला.

महिना गेला. भुसा कुजेचना. खड्डा इतका स्वच्छ दिसायला लागला, की एक उंदीर येऊन विचारून गेला, इथे झोपायला जागा मिळेल का.

एकदा साळूताईने सुचवून पाहिलं. "वहिनी, इतकं धुऊ नका, हात दुखतील." ससेवहिनींना वाटलं, कुठेतरी डाग राहिला असणार, ताई भिडेपोटी बोलत नाहीत. पुढच्या वेळी त्यांनी चारदा धुतलं.

एक दिवस अस्वलराव जाता जाता खड्ड्यात डोकावले. "हं," एवढंच म्हणाले आणि निघून गेले. त्या 'हं'ने साळूताईला दसरा आठवला. तेवढ्यात ससेवहिनी टोपली घेऊन हजर.

"वहिनी, मला हे नकोय," साळूताईच्या तोंडून निघून गेलं. "मला तुमच्या पोरांची घाण हवीय. लेंड्या हव्यात. मुतलेलं गवत हवंय."

"माझी पोरं घाण करतात?"

"अकरा आहेत, वहिनी. करणारच."

"बंगल्यात आम्हाला असं कोणी बोललं नव्हतं," ससेवहिनी म्हणाल्या आणि टोपली घेऊन घरी गेल्या. बोलणं बंद झालं.

चौथ्या दिवशी कुंपणावरून अख्खं अंथरूण येऊन पडलं. ओलं, लेंड्यांनी भरलेलं, रागाने भिरकावलेलं. "घ्या तुमची घाण," पलीकडून आवाज आला. मग दर चार दिवसांनी तेच. साळूताईला फार वाईट वाटायचं, कारण जंगलात तिला दुसरी मैत्रीण नव्हती. रडत रडत ती त्यावर पाला पसरायची आणि पाणी शिंपडायची.

आषाढात खत तयार झालं. तिने दुधी लावला. दसऱ्याला वेलावर नऊ दुधी लोंबत होते. अस्वलरावांनी एक घरी नेला आणि वाडी साळूताईचीच राहिली.

दुसऱ्या दिवशी ससेवहिनी कुंपणाशी आल्या. डोळे भरलेले. "साळूताई, पाच-सहा महिने झाले. तुमच्याशी बोलल्यावाचून करमत नाही हो. झालं गेलं विसरून जा. आता पहिल्यासारखं नीट धुऊन देत जाईन."

साळूताईचा जीव गलबलला. कधी एकदा वहिनींना घरात बोलावते आणि गप्पा मारते, असं तिला झालं. पण मागे नवा खड्डा अर्धाच भरला होता, आणि उन्हाळी काकडी अजून लावायची होती. तिने खड्ड्याकडे पाहिलं. मग वहिनींकडे पाहिलं.

"वहिनी," ती भिडस्त साळिंदरीण म्हणाली, "तुमच्या धाकट्याचे कान वाकडे आहेत."

ससेवहिनी आल्या पावली परत गेल्या. साळूताई दार लावून पोटभर रडली.

चौथ्या दिवशी कुंपणावरून दोन टोपल्या रिकाम्या झाल्या.

तात्पर्य: शेजाऱ्यांशी नेहमी गोडीगुलाबीने वागावं. फक्त वर्षातून दोनदा, लागवडीच्या अडीच महिने आधी, न चुकता भांडण काढावं.