हरभऱ्याचं कुटार

यंदाच्या उन्हाळ्यात आमची बारा संत्र्याची कलमं मी जगवून दाखवणारच होतो! आच्छादनावर चार पुस्तकं वाचली होती. त्यातली दोन तर दोनदा, कारण पहिल्या खेपेला आपल्याला कळलं असेल, यावर माझाच विश्वास नव्हता. पिकाचा काडीकचरा खोडाभोवती पसरायचा, ओल टिकते. बस्स!

कलमं माझ्या बायकोनं, आशानं लावलेली. आठ महिन्यांपूर्वी ती लेकीच्या, प्रतीक्षाच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली, ती तिकडेच रमली. "ये आता" म्हणायला मला चाळीस वर्षांच्या संसारानंतरही लाज वाटते. हिरवीगार कलमं फोनवर दाखवली की ती आपणहून येईल, असा माझा बेत.

असा कचरा, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, आमच्याकडचं कुटार, आणायला शेजारच्या नबीभाईंकडे गेलो. आमची मैना गाय त्यांच्याच गोठ्यात होती. मला धार काढता येत नाही, म्हणून आशानं जाताना ती त्यांना देऊन टाकली होती.

"हरभऱ्याचं कुटार मिळेल का? चार पोती?"

"गुरुजी, गाय तं माह्या गोठ्यात. मंग कुटार कोनाले चारता?"

संत्र्याला, असं ओठावर आलं होतं. पण जनावराच्या तोंडचा घास मी मातीत पसरणार, हे गोठेवाल्या माणसाला कसं सांगू?

"असंच... घरात असावं," मी पुटपुटलो.

आतून त्यांची बायको नसीमबानो हळूच म्हणाली, "अजी, गुरुजीले मैनेची याद येऊन राहिली. बोलत नाहीत बिचारे!"

मी नाही म्हणायला हवं होतं. पण याद येत होती हे खरं. कुणाची, एवढंच चुकलं होतं.

कुटार मी गादीसारखं पसरलं. चार दिवसांनी हात घालून पाहिला, तर माती गार! सकाळी भांग पाडून, स्वच्छ सदरा घालून आशाला व्हिडिओ कॉल लावला आणि ऐटीत बागेत आलो.

"बघ, याला म्हणतात आच्छादन!"

मोबाइल फिरवला. आच्छादन कुठलं! मैना लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखी एकेक आळं साफ करत नवव्या झाडापाशी पोचली होती! दोन कलमांचे शेंडे तर तिनं चटणीसारखे चाखलेले.

"नबीभाई!" मी किंचाळलो.

कुंपणापलीकडून आवाज आला, "शरमू नका गुरुजी! म्याच आनून सोडली. तुमचीच हाय, ठेवून घ्या!"

"मले गाय नाही पाहिजे!"

"काहून नाही पाहिजे?" आता फोनमधून आशा गरजली. "थे मैना हाय ना? अवं माय, बरगड्या दिसून राहिल्या तिच्या! प्रतीक्षा, माह्यं परवाचं तिकीट काढ!"

आठ महिने मला जे जमलं नाही, ते मैनेनं तोंडात घास असताना जमवलं! धीर करून मी मोबाइल स्वतःकडे वळवला.

"मीही जरा वाळलो आहे," आयुष्यात पहिल्यांदा असलं काही बोललो.

आशानं क्षणभर नीट पाहिलं.

"दिसते," ती म्हणाली. "आता बाजूले व्हा. गाय दिसून नाही राहिली."