मटार सोलता सोलता फायनल

रेफरीकाका आपणहून मटार सोलायला बसले, तेव्हाच काकूंनी ओळखायला हवं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात या गृहस्थाने स्वयंपाकघरात पाणी पिण्यापलीकडे काही केलेलं नव्हतं. आणि आज, ऐन फायनलच्या दुपारी, "अगं, दे इकडे, मी सोलतो," म्हणत त्यांनी परात पुढ्यात ओढली. डॉक्टरांचं बोलणं एकदाचं यांच्या डोक्यात शिरलं, असं काकूंना वाटलं. भाबडी बाई!

झालं होतं असं, की सेमीफायनल बघताना काका टीव्हीवरच्या रेफरीला शिव्या घालता घालता खुर्चीसकट आडवे झाले होते. स्वतः रेफरी असताना आयुष्यभर निःपक्षपाती राहावं लागलं, तो साठलेला पक्षपात निवृत्तीनंतर एकदम बाहेर पडत होता. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि फुटबॉल बंद करून टाकला. काकूंनी टीव्हीची वायर कपाटात घालून कुलूप लावलं.

पण त्यांच्या स्वयंपाकघराच्या बरोबर वर टेलरबाईंची बाहेरची खोली होती. टेलरबाई काकांसारख्याच पिवळ्या संघाच्या कट्टर, आणि टीव्हीसमोर बसून शिवणकाम करायची त्यांची सवय. काकांना ते सगळं तोंडपाठ होतं. मशीन एका लयीत चाललंय म्हणजे चेंडू मैदानाच्या मधे घुटमळतोय. मशीन थांबलं की समजावं, कुणीतरी गोलपाशी पोचलंय. बाई उड्या मारायला लागल्या तर गोल आपला. आणि बाई तरातरा आत जाऊन भांडी आपटायला लागल्या, तर गोल त्यांचा. यात आजवर कधी चूक झाली नव्हती.

आता हा सामना काकांनी एवढा जिवाला का लावून घेतला होता, तेही सांगायला हवं. समोरचा संघ होता हिरवा, आणि हिरव्यांचे भक्त होते काकांचे सख्खे थोरले भाऊ, दादा. मागे एका पेनल्टीवरून दोघांचं असं वाजलं, की बोलणंच बंद झालं. "पिवळे कप जिंकतील त्या दिवशी मी स्वतः फोन करीन. हरलेल्या तोंडाने करणार नाही!" असं काकांनी जाहीर केलं. तेव्हापासून पिवळ्यांनी कप कसला, साधी वाटीही जिंकली नव्हती. आणि येत्या आठवड्यात दादा परदेशात मुलीकडे कायमचे राहायला चालले होते. काका वरवर "जाईना का!" म्हणायचे, पण रात्री कूस बदलत राहायचे.

सामना सुरू झाला. वर मशीन चाललं, थांबलं, आणि भांडी आपटली. काकांच्या हातातली शेंग तशीच राहिली. थोड्या वेळाने पुन्हा भांडी, आणि या वेळी बहुतेक कुकरचं झाकणही. शून्य-दोन!

"अहो, चेहरा असा का झाला? दाणे किडके निघाले का?" काकूंनी विचारलं.

"फार किडके," काका म्हणाले.

यानंतर वरच्या खोलीत काय झालं, ते काकांना कळायला मार्ग नव्हता. आपल्याला कळायला हरकत नाही. टेलरबाईंनी वैतागून सामना बंद केला आणि दुसरं चॅनेल लावलं. तिथे संगीत पुरस्कारांचा सोहळा थेट दाखवत होते. टेलरबाईंचं दुसरं दैवत म्हणजे एक गायिका. तिला पाच विभागांत नामांकन होतं.

मशीन चालू झालं. निवेदक पाकीट फोडायला लागला, मशीन थांबलं. खाली काकांचा श्वास थांबला. आणि वर धाड धाड धाड! स्वयंपाकघरातला दिवा हलला.

"एक आला!" काका पुटपुटले.

"एकच? वाटीभर तरी करा," काकू म्हणाल्या.

पुन्हा मशीन थांबलं. "हाय रे देवा!" असं ऐकू आलं. म्हणजे चेंडू खांबाला लागून गेला, काकांनी ताडलं. खरं तर दुसऱ्याच कुणाला बक्षीस मिळालं होतं. त्यानंतर मात्र बाईंनी कमालच केली. पुन्हा उड्या! दोन-दोन! काकांनी मटारसकट हात वर फेकले. काकू वाकून दाणे वेचताहेत तोवर तिसऱ्यांदा उड्या, आणि सर्वोत्कृष्ट गायिकेचा पुरस्कार जाहीर झाला तेव्हा टेलरबाई अशा नाचल्या की छताचा पोपडा परातीत पडला. मग हमसून हमसून रडण्याचा आवाज आला. चार-दोन! कप आला! काकांचेही डोळे भरून आले. शून्य-दोनवरून चार-दोन! असं पुनरागमन त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. आत्ताही पाहिलं नव्हतं म्हणा.

ते तडक फोनपाशी गेले.

"दादा, मी बोलतोय."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मग, "बोल."

"म्हटलं, आजच्या दिवशी फोन करावा. खेळ आहे दादा. कुणी जिंकतं, कुणी हरतं. मनाला लावून घ्यायचं नसतं."

दादांना आपल्या कानांवर विश्वास बसेना. सामना पाच-शून्य संपला होता. त्यांच्या हिरव्यांनी पिवळ्यांना धू धू धुतलं होतं, आणि धाकटा फोन करून इतकं समजूतदार बोलत होता!

"तुझं मन मोठं आहे रे," दादा म्हणाले. "मला नसतं जमलं."

"पहिल्या दोन गोलांनंतर मीसुद्धा हादरलो होतो. पण पुढे जे झालं, त्याला तोड नाही."

"नाहीच!" दादा मनापासून म्हणाले. "येऊ का रे मी घरी?"

"विचारतोस काय? लगेच ये!"

दादा आले ते केक घेऊन. केक हिरवागार. काकांना भडभडून आलं. बिचाऱ्याने जिंकण्याच्या आशेने आधीच सांगून ठेवला असणार! "वाया नाही घालवायचा," म्हणत त्यांनी सर्वांत मोठा तुकडा स्वतः उचलला. दादांना वाटलं, काय हा माणूस, हिरवा केक खातोय आणि कपाळावर आठीसुद्धा नाही!

"तुमचे पोरगेही चांगले खेळले," काका म्हणाले.

"तुमचेही," दादा म्हणाले. "नशीब नव्हतं, एवढंच."

कुणाचं नशीब, ते कुणीच विचारलं नाही. काकू पदराने डोळे पुसत चहा गाळत होत्या.

तेवढ्यात दार वाजलं. काकूंचा पडदा टाचून द्यायला टेलरबाई आल्या होत्या. डोळे सुजलेले.

"काका, आत्ता मोबाइलवर बघितलं, पाच-शून्य हो!"

"पाच?" काका उडालेच. "आणि शून्य? म्हणजे त्यांचे दोन्ही गोल रद्द केले?"

"कसले रद्द! आपल्यावर, काका. पाचही आपल्यावर!"

काकांच्या तोंडातला केक तोंडातच राहिला. दादांनी बशी खाली ठेवली.

"म्हणजे तुला ठाऊकच नव्हतं! मी हरलो समजून मला फोन केलास होय? माझ्यावर दया दाखवत होतास?" दादा उठले आणि चपला शोधू लागले. काकूंचा चेहरा पांढरा पडला.

"थांबा ना भाऊजी!"

"अजिबात नाही!"

"अन् तू?" काका ओरडले. "तू कशाला आलास? मी हरलो समजूनच ना? तुझी ती माया आणि माझी ती दया काय?"

दादांचा एक पाय चपलेत, एक बाहेर. ते तसेच उभे राहिले.

"समजूत मात्र चांगली घातलीस हं तू," ते म्हणाले.

"तूही काही कमी नाहीस." काकांचा आवाज एकदम खाली आला. "दादा, पाच-शून्य काय, पन्नास-शून्य होऊ दे. तू न बोलता निघून गेला असतास ना, तर मला नसतं सोसलं."

दादांनी पायातली चप्पल काढली. खुर्चीत बसले, नाक शिंकरलं, आणि काही झालंच नाही अशा थाटात केकचा दुसरा तुकडा घेतला.

मग काका टेलरबाईंकडे वळले. "आधी मला सांगा, त्या उड्या कशाच्या होत्या?"

बाईंनी लाजत लाजत सगळं सांगितलं. गायिका, पुरस्कार, शेवटचं तिचं भाषण, आणि त्यावरचं स्वतःचं रडणं. काका गंभीरपणे ऐकत होते.

"चौथा गोल कुठल्या गाण्याचा?"

बाईंनी मोबाइलवर गाणं लावलं. दोघे भाऊ डोळे मिटून ऐकू लागले. गाणं संपलं.

"छे!" दादा म्हणाले. "हा काही गोल नाही."

"तू कोण ठरवणारा?" काका कडाडले. "रेफरी मी आहे! लावा हो बाई, पुन्हा लावा."