बापटकाकांची म्हातारी

बापटकाका आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी आधी फ्रिजची चौकशी केली आणि मग माझी.

"कशी आहे?" दारातच त्यांनी विचारलं.

"बरी आहे, काका."

"तू नाही गं. ती." त्यांनी माझ्या खांद्यावरून स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. "कालपासून आवाज बदललाय तिचा. भिंतीपलीकडून ऐकू येतं मला."

कॅलिफोर्नियात, सांता क्लारातल्या त्या अपार्टमेंटमध्ये राहायला येऊन आम्हाला आठवडाही झाला नव्हता. काका शेजारच्या घरात आपल्या मुलीकडे, मंजिरीताईंकडे राहायचे. वय अठ्ठ्याहत्तर, अंगात बारा महिने बिनबाह्यांचा स्वेटर, खिशात टॉर्च. त्यांनी माझा फ्रिज भिंतीपासून चार बोटं पुढे ओढला, मागची धूळ माझ्याच नव्या झाडूने काढली आणि दाराच्या रबरात कागदाचा कपटा अडकवून ओढून पाहिला. कपटा सहज सुटला. काकांचा चेहरा असा झाला की मलाच अपराधी वाटायला लागलं.

"आपण थंड करत नाही, गरम बाहेर काढतो," ते म्हणाले. "हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी काळजी मिटली."

मला तोवर कसलीच काळजी नव्हती. जाताना त्यांनी फ्रीझरमध्ये एक बारीक वायर सोडली आणि तिच्या टोकाचं छोटं थर्मामीटर दाराबाहेर चिकटवलं. मी नको म्हणत होते, पण ते ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. संध्याकाळी माझा नवरा निखिल ऑफिसातून आला आणि विचारायला लागला, "हे काय आहे?"

"शेजारच्या काकांनी लावलंय."

"का?"

"कारण ती बरी नाहीये," मी म्हटलं. 

हळूहळू कळलं की कॉम्प्लेक्समधल्या बहुतेक घरांत अशी वायर आहे. खालच्या मजल्यावरचा डेव्हिड, निवृत्त पोस्टमन, त्याच्याही फ्रिजला होती. काकांना लोक घरी बोलवायचे, पण जरा जपून. संक्रांतीच्या पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, ते पोचले की सगळ्यात आधी फळांच्या टोपलीपाशी जायचे आणि केळी उचलून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवायचे. "सफरचंद आणि केळं एका खोलीत नको. एक पिकलं की दुसऱ्याला पिकवतं." मग फ्रिज उघडून श्रीखंड आणि चिरलेला कांदा यांची फारकत. "लोण्याला, दह्याला शेजाऱ्याचा वास लागतो. संत्र्यांच्या वासाचं लोणी पाहिलंय मी. एक अख्खं कोठार भरून." आणि फ्रिजचं दार उघडं धरून कोणी काय घ्यावं याचा विचार करत उभं राहिलं, की मागून शांत आवाज यायचा, "विचार बाहेर करावा. मग उघडावं."

हे सगळं ते एका जहाजावर शिकले होते. त्या जहाजाला ते "म्हातारी" म्हणत.

काका मूळचे मिरजेचे. पहिली नोकरी बर्फाच्या कारखान्यात. अमोनियावर चालणारी जुनी यंत्रं त्यांना चांगली कळायची. तेवीस वर्षांचे असताना मुंबईच्या बंदरात एक जहाज येऊन अडकलं. महायुद्धाच्या घाईत अमेरिकेत बांधलेलं, सैनिकांसाठी मांस, अंडी, लोणी नेणारं. त्याचा अख्खा जीव म्हणजे पोटातली थंड करणारी यंत्रं आणि भिंतीभिंतींतून गारवा टिकवायला भरलेलं बूच, म्हणजे बाटलीला लावतो तेच. ती यंत्रं बंद पडली होती आणि बंदरात कोणाला दुरुस्त करता येईनात. कोणीतरी बापटांचं नाव सुचवलं. काका दोन दिवसांचं काम म्हणून गेले. सोबत एक जादा सदरा आणि बायकोने दिलेल्या दशम्या. यंत्र चालू झालं, पण कप्तान म्हणाला, समुद्रात चालेल याची खात्री काय? म्हणून काका खात्री करायला बसले. नऊ वर्षं करत होते.

"तेव्हा मी तेवीस, ती सव्वीस," काका सांगायचे. "पण जहाजाची सव्वीस म्हणजे आजीबाई."

म्हातारीचं नाव पाच वेळा बदललं होतं. युद्ध संपल्यावर तिला एकाने केळ्यांसाठी घेतलं, दुसऱ्याने न्यूझीलंडच्या लोण्यासाठी, तिसऱ्याने मासळीसाठी. प्रत्येक मालक जुन्या नावावर रंग फासायचा आणि नवं नाव लिहायचा. पण जुनी अक्षरं पत्र्यावर उठावाची होती, त्यामुळे ऊन तिरपं पडलं की सगळी नावं एकदम वाचता यायची. "आपल्याकडे लग्नात नाव बदलायचे. हिची पाच लग्नं झालेली," काका म्हणायचे. झेंडा ज्या देशाचा होता तो देश कप्तानानेही कधी पाहिलेला नव्हता.

यातली खरी गंमत अशी की काका कट्टर शाकाहारी. अंड्याचा केकसुद्धा चालत नाही. आणि या माणसाने नऊ वर्षं गोठलेल्या मेंढ्यांच्या मांड्यांत थर्मामीटर खुपसून त्यांचं तापमान वहीत लिहिलं. दर चार तासांनी.

"तुम्हाला कसंसंच नाही व्हायचं?" मी एकदा विचारलं.

"का? डॉक्टर काय पेशंट खातो?"

तापमान ते फॅरनहाइटमध्येच सांगत, कारण म्हातारीची सगळी मापं तशी होती. मंजिरीताईंना ताप आला तरी आधी कपाळाला हात लावायच्या ऐवजी आकडा विचारत. ताई हसून म्हणायच्या, "बाबांच्या लेखी मी तीन नंबरचा होल्ड आहे." होल्ड म्हणजे जहाजाच्या पोटातली माल ठेवायची खोली. काका त्यावर हसत नसत. तो त्यांना विनोद वाटत नसावा.

मला मात्र ते सगळेच विनोद वाटायचे, आमची मुलगी होईपर्यंत.

ती अडीच महिने आधी झाली. तळहातापेक्षा जरा मोठी. हॉस्पिटलमध्ये काचेच्या पेटीत, नाकातल्या नळीने चमचाभर दूध. मी पंपाने दूध काढायचे, हॉस्पिटलच्या फ्रीझरमधली आमची जागा भरली की उरलेलं घरी आणून ठेवायचे. छोट्या छोट्या पिशव्या, प्रत्येकीवर तारीख. मग मला इन्फेक्शन झालं. जे औषध सुरू झालं त्यामुळे माझं दूध दोन आठवडे तिला द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. आणि तसंही तापाने मला दूधही येईनासं झालं होतं. हॉस्पिटलमधला साठा तीन दिवसांत संपला. म्हणजे आता जे होतं ते घरच्या फ्रीझरमध्ये. हॉस्पिटलच्या फ्रीझरमधली आमची जागा दुसऱ्या बाळाला गेली होती, म्हणून निखिल रोज सकाळी त्या दिवसापुरत्या चार पिशव्या घेऊन जायचा.

अशात एका मंगळवारी सकाळी दहा वाजता वीज गेली.

ऑगस्टचा उकाडा. मेसेज आला की ट्रान्सफॉर्मर जळलाय, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत वीज येणार नाही. निखिल हॉस्पिटलमध्ये होता, कार त्याच्याकडे. मी फ्रीझरकडे धावले. हात दाराला लावणार, तेवढ्यात मागून आवाज आला, "हात लावू नकोस."

आमचं दार उघडंच होतं. काका आत येऊन थर्मामीटर वाचत होते.

"काका, आत दूध आहे तिचं."

"माहीत आहे. मंजिरीने सांगितलं. तीन आहे आत्ता. बत्तीसच्या पुढे गेलं तर माल गेला. मधे एकोणतीस अंश आहेत, भरपूर. रिकामी जागा किती आहे?"

"अर्ध्याच्या वर रिकामा आहे."

पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काळजी दिसली. रिकामा होल्ड लवकर तापतो म्हणाले. मग ते बाहेर गेले आणि पाच मिनिटांत आमच्या घरात एक मोहीम सुरू झाली. डेव्हिडला त्यांनी त्याच्या गाडीतून सुका बर्फ, म्हणजे ड्राय आइस, आणायला पिटाळलं. डेव्हिडने का म्हणून विचारलं नाही. पोस्टात तीस वर्षं काढलेला माणूस, पार्सल कुठे पोचवायचं तेवढंच विचारलं. मंजिरीताईंनी रजया आणल्या. मी आईने पाठवलेल्या दोन गोधड्या काढल्या. फ्रिजला पट्ट्या मारून, वर रजया, त्यावर गोधड्या, त्यावर योगा मॅट असं बांधलं, थर्मामीटर तेवढं बाहेर ठेवून. सगळ्यात वर काकांनी आपली कानटोपी घातली. त्याचा काही उपयोग होता का, मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

डेव्हिड बर्फ घेऊन आला. मला वाटलं आता दार उघडायचं आणि ठेवायचा.

"असं नाही," काका म्हणाले. "तालीम."

आणि त्यांनी खरंच तालीम घेतली, माझ्या ओव्हनवर. ताईंनी ओव्हनचं दार उघडायचं, डेव्हिडने जाड हातमोजे घालून बर्फाऐवजी साखरेचा डबा आत सरकवायचा, मी वर्तमानपत्र पसरायचं, ताईंनी दार लावायचं. काका घड्याळ धरून उभे. पहिल्या वेळी चौदा सेकंद लागले. काकांनी मान हलवली. दुसऱ्या वेळी डेव्हिडने साखर सांडली. माझी मुलगी हॉस्पिटलमध्ये, तिचं जेवण वितळतंय आणि आम्ही चार शहाणी माणसं ओव्हनमध्ये साखर ठेवायचा सराव करतोय. मी हसायला लागले आणि हसता हसता रडायला. काका थांबले.

"रड," ते म्हणाले. "दोन मिनिटं आहेत आपल्याकडे."

पाचव्या तालमीला सात सेकंदांत झालं. मग गोधड्या बाजूला करून आम्ही खरं दार उघडलं. बर्फ आत, कागद, दार बंद, पट्टी. खिडक्या सगळ्या उघडायला लावल्या, सुक्या बर्फाचा वायू घरात कोंडू नये म्हणून. अकरावर गेलेला आकडा थोड्या वेळाने नऊवर आला. काकांनी खुर्ची ओढली आणि फ्रिजसमोर बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बर्फ आला, पुन्हा सात सेकंद. त्याच दारउघडीत निखिलच्या चार पिशव्याही बाहेर आल्या, त्यासाठी वेगळ्याने दार उघडायला काकांनी साफ नकार दिला होता. एका काकूंनी आपलं इडलीचं पीठ आत ठेवता येईल का विचारलं. "या होल्डला एकच माल," काकांनी सांगितलं.

दुपारी घरात काका आणि मी दोघंच होतो. आकडा चौदावर स्थिर होता. वेळ जावा म्हणून मी विचारलं, म्हातारीचं शेवटी काय झालं.

"तैवानला नेली. तोडायला. मीच यंत्रं बंद केली." त्यांनी गोधडीचं सुटलेलं टोक आत खोचलं. "युद्धापासून कधी पूर्ण गरम झाली नव्हती ती. दोन दिवसांनी भिंतींमधल्या बुचातून पाणी गळायला लागलं. सगळीकडून. कोरडं करायला फडकी पुरेनात. खरं तर कोरडं करायची गरजही नव्हती."

"माल कधी खराब झाला का तुमचा?"

"कधीच नाही. एकदा बंदरात संप होता. दोन महिने बाहेर नांगर टाकून उभे होतो, पोटात मटण. डिझेल जपून जपून वापरलं. एक अंश हलू दिला नाही." मग थर्मामीटरकडे बघतच म्हणाले, "त्याच दोन महिन्यांत मंजिरी झाली. तार मिळाली तेव्हा ती तीन आठवड्यांची होती."

मी उठून आकडा वाचला. चौदाच होता.

संध्याकाळी साडेपाचला वीज आली. काकांनी पट्ट्या सोडल्या, एक पिशवी काढून स्टीलच्या ताटलीवर आपटली. टण् वाजली. त्यांनी ती परत ठेवली, दार लावलं, कानटोपी घेतली आणि घरी जाऊन झोपले. ताई म्हणाल्या, चौदा तास झोपले.

आमची मुलगी पुढे महिन्याने घरी आली. पहिले दहा दिवस आम्ही कोणालाच बोलावलं नाही. अकराव्या दिवशी मीच जाऊन काकांना आणि ताईंना घेऊन आले. काका हात धुऊन आले, परत जाऊन पुन्हा धुऊन आले आणि दारापाशीच उभे राहिले.

"बसा ना, काका. घ्या तिला."

"नको. इथून दिसते की."

"बाबा," ताई म्हणाल्या, "बसा."

ते बसले. मी मुलीला त्यांच्या मांडीवर दिलं. त्यांचे हात ताठ झाले, जणू कोणी गरम पातेलं हातात दिलं असावं. बावन्न वर्षांच्या मंजिरीताई मागे उभ्या राहिल्या आणि त्यांचं कोपर धरून वाकवलं. "हात असा घ्या. मान इथे. हं."

"मला नाही येत गं हे."

"आता येतंय."

मुलीने डोळे उघडले, त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले. काका बराच वेळ हलले नाहीत. मग वर न बघता म्हणाले, "मंजे, मी घरी आलो तेव्हा तू चालत होतीस."

"हो. चौदा महिन्यांची होते. आई सांगायची."

"मला बघून पलंगाखाली गेलीस."

"अनोळखी माणूस घरात आला तर मूल घाबरणारच, बाबा."

काकांनी मान हलवली. 

"तुझ्या आईने तुला सांगितलं असेल ना," ते म्हणाले, "म्हणजे, त्याआधीचं. दात कधी आले, रांगायला कधी लागलीस. मी कधी विचारलंच नाही तिला. वाटायचं, काय तोंडाने विचारू."

 मंजिरीताईंनी जेवणाच्या टेबलाजवळची खुर्ची ओढून वडिलांच्या शेजारी लावली.

"दात उशिरा आले," त्या म्हणाल्या. "आधी केस. खूप केस होते मला."

"असं नको," काका म्हणाले. "पहिल्या दिवसापासून सांग."