निंबोऱ्याचा पाच गाळ्यांचा पूल

निंबोऱ्याच्या पुलाला पाच गाळे असून त्यांतले दोन नदीवर आहेत. तिसरा तालुक्याला उपअभियंत्यांच्या बंगल्यात, चौथा जिल्ह्याला ठेकेदाराच्या फार्महाऊसवर आणि पाचवा राजधानीत मोठ्या साहेबांच्या हिरवळीवर आहे. वाटा पूर्वी नोटांत देत. नोटांची चौकशी होऊ लागल्यापासून तो मालातच घेतात. गाळ्याची चौकशी कोण करणार?

तरीही ती झाली. समितीने सगळीकडे जाऊन गाळे मोजले, ते पाच भरले, आणि काम समाधानकारक असल्याचा शेरा पडला. पूल झाला म्हणून होडी बंद करण्यात आली. पलीकडे सावळवाडीला जायचं तर पाचही गाळे क्रमाने चालावे लागतात. पाचवा उतरलं की सावळवाडीचं शिवार लागतं. यात कोणाला नवल वाटत नाही. पूल म्हटला की त्याला पलीकडचं टोक असायचंच.

निवृत्ती शेलारांच्या थोरल्या बहिणीने, अनसाअक्काने, सावळवाडीत अंथरूण धरलं आणि भाच्याचा, रोहिदासचा, फोन आला, तेव्हा शेलार भाकरी बांधून लगेच निघाले. आई गेल्यावर अक्कानेच त्यांना वाढवलं होतं. दुसऱ्या गाळ्याच्या टोकाला उभं राहिलं की तिच्या घराची कौलं दिसतात. तिथून त्यांनी हाक मारली, "येतोय गं अक्का." मग ते मागे फिरले आणि तालुक्याची एसटी धरली.

तालुक्याला उपअभियंत्यांच्या बाईसाहेबांनी गाळ्यावर कुरडया घातल्या होत्या. ऊन उतरेपर्यंत त्या हलवता येणार नाहीत, असं त्यांनी सांगितलं. बाई स्वभावाने वाईट नव्हत्या. त्यांनी शेलारांना सावलीत बसवलं, चहा दिला, अक्काला काय होतंय तेही विचारलं. शेलार कुरडयांकडे बघत बसले. त्या अर्ध्याअधिक वाळल्या असतील तेव्हा रोहिदासचा पुन्हा फोन आला.

"मामा, आई गेली."

शेलारांनी चहाचा कप खाली ठेवला.

"माहेरचं लुगडं घेऊन या," रोहिदास म्हणाला. "त्याशिवाय बायका उचलू देत नाहीत. कुठवर आलात?"

"तिसऱ्या गाळ्यापाशी आहे."

"म्हणजे निम्मा पूल झाला. उद्या उन्हं चढेपर्यंत थांबतो आम्ही."

बाईसाहेबांनी ते ऐकलं आणि एका कडेच्या कुरडया स्वतःच्या हाताने बाजूला केल्या. शेलार तेवढ्या वाटेने जपून चालत गेले.

जिल्ह्याला दुकानं बंद होत होती. अक्काला अंजिरी रंग आवडायचा. शेलारांनी त्या रंगाचं काठापदराचं लुगडं घेतलं. फार्महाऊसवर ठेकेदाराच्या नातवाचा वाढदिवस होता आणि चौथ्या गाळ्यावर टेबलं मांडली होती. दारावरच्या माणसाने कुठे निघालात म्हणून विचारलं. बहीण वारली, असं शेलारांनी सांगितलं. तो हळहळला आणि म्हणाला की सांभाळून जा, फरशी नवीन बसवलीय. गर्दीतून जाताना कोणीतरी शेलारांच्या हातात केकची बशी दिली. ती ठेवायला जागा मिळेना, म्हणून एका काखेत लुगडं आणि हातात केक असा त्यांनी चौथा गाळा पार केला.

राजधानीत ते पोचले तेव्हा उजाडलं होतं. साहेबांच्या बंगल्यावर साळवी नावाचे वयस्क पहारेकरी होते. त्यांनी फाटक उघडलं, पण सोबत आले.

"अर्धाच आहे," साळवी म्हणाले. "बाकीचा साहेबांच्या मुलाने नेला. परदेशात असतो तो. पासपोर्ट आहे तुमच्याकडे?"

"नाही."

"मग अवघड आहे."

शेलार अर्ध्या गाळ्याच्या टोकापर्यंत गेले. खाली नदीचं पाणी होतं. पाण्यापलीकडे सावळवाडीचा काठ, काठावर तिरडी, आणि तिच्याभोवती बायका गप्प बसलेल्या. अक्काचा चेहरा उघडा होता, पण इतक्या लांबून तो ओळखू येत नव्हता.

"मामा, उडी मारू नका," रोहिदास काठावरून म्हणाला. "धार आहे."

शेलारांनी लुगड्याची गाठ घट्ट केली, सगळा जीव एकवटला आणि ते फेकलं. रोहिदास कमरेभर पाण्यात शिरला. त्याने ते दोन्ही हातांनी वरच्यावर झेललं. लुगडं बघितल्यावर मग बायकांनी हंबरडा फोडला. रात्रभर त्यांनी तो धरून ठेवला असावा.

तिरडी वळणाआड जाईपर्यंत शेलार हात जोडून उभे होते. मग ते हिरवळीवर उतरले. साळव्यांनी नळीला पाणी सोडलं होतं.

"झाला का पूल पार?"

"मी नाही झालो," शेलार म्हणाले. "लुगडं झालं."

"बरंच म्हणायचं," साळवी म्हणाले. "पुष्कळांचं तेवढंही जात नाही." आणि शेलारांचे पाय भिजू नयेत म्हणून त्यांनी नळी जरा बाजूला घेतली.