स्पंजातली पोरं

माझ्या वडिलांची थोरली बहीण, आमची आक्का, फिशटँकच्या फिल्टरमधला स्पंज नळाखाली धुऊ देत नाही. टँकमधलंच मळकट पाणी ती तपेलीत काढते, स्पंज त्यात दोनदा अलगद दाबते आणि परत जागेवर ठेवते. स्पंज काळा तो काळाच. आई नाक मुरडते.

"घाण न्हाय ती, सुनंदा. पोरं हायत माझी."

पोरं म्हणजे बॅक्टेरिया. माशांची घाण तेच पचवतात. नळाच्या क्लोरीननं ते मेले, की मागोमाग मासेही जातात. शाळेत हे मी इंग्रजीतून, आकृतीसकट पाठ केलं होतं. आक्का तेच एखाद्या घरच्या भानगडीसारखं सांगते.

गेल्या महिन्यात निपाणीचं घर सोडून ती बेळगावला आमच्याकडे राहायला आली. टँक आणि बादलीतले मासे बाबांबरोबर टेम्पोतून गेले. स्पंज मात्र तिनं कुणाच्या हाती दिला नाही. स्टीलच्या डब्यात, टँकच्या पाण्यात बुडवून, मांडीवर घेऊन ती माझ्याबरोबर बसमध्ये बसली. झाकण लावू देईना. आत गुदमरत्यात म्हणाली.

संकेश्वर येईपर्यंत वास शेवटच्या सीटपर्यंत पोचला. कंडक्टरनं कानडीत विचारलं, डब्यात काय आहे?

"मक्कळ," आक्का ताठ मानेनं म्हणाली. म्हणजे मुलं.

कंडक्टरनं डब्यात डोकावलं, माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी गंभीरपणे विचारलं, किती आहेत? अर्धी तिकिटं फाडावी लागतील.

"लेक्क इल्लरी." मोजदाद नाही.

"आक्का, बारशाला तरी बोलवायचं की," मागून कुणीतरी म्हणालं. सगळी बस हसली. दोन सीट पुढे माझ्या ऑफिसातली एक मुलगी बसली होती. ती वळून बघायच्या आत मी मान मोबाइलमध्ये घातली. बेळगाव येईपर्यंत कान तापलेलेच होते.

आईनं खडेबाजारातून नवा, पांढराशुभ्र स्पंज आणून ठेवला होता. जुन्याचा खरंच भुगा व्हायला आला होता. आक्कानं नवा आत बसवला आणि जुना त्याला चिकटून ठेवला.

"म्हैनाभर शेजारी ऱ्हाऊ देत दोघं. पोरं आपसूक नव्या घरात जात्यात. मग जुना काढायचा."

परवा महिना भरला. आईच्या सांगण्यावरून मी जुना काढायला पाण्यात हात घातला, तर आक्कानं मनगट धरलं. अजून आठ दिवस राहू दे म्हणाली. मी म्हटलं, आक्का, एव्हाना सगळे गेले असतील की नव्यात.

तिनं मनगट सोडलं नाही. आदल्या दिवशीच कॅनडाहून तिच्या मुलाचा, सुभाषदादाचा फोन आला होता. टँक त्यानंच कॉलेजात असताना आणलेला. फोनवर त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मासे कसे आहेत? आक्का रंगून सांगते. ते सांगून संपलं, की तो 'ठेवतो' म्हणतो.

"न्हाई जगली पोरं तर?" आक्का म्हणाली. मग चोरी पकडली जावी तशी, माझ्याकडे न बघता, "त्यो माशांचंच इचारतोय गं. मासं गेलं, तर काय इचारंल?"

मी हात बाहेर काढला. जुना स्पंज नव्याला टेकून राहिला. बोटांना बसमधला तोच वास येत होता. हात धुवायला मी लगेच उठले नाही.