दीड हात खाली

माघातला रविवार, साल १९५५, सकाळी आठ. हजर: गल्लीतले अकरा कर्ते पुरुष, शेवटच्या घरातल्या द्वारकाबाई, आणि टिपण घ्यायला मी, मुलींच्या शाळेतली मास्तरीण. नानाही हजर होते, पण सभेत नव्हते. ते रस्त्याच्या मधोमध उकिडवे बसले होते. लोट्यातलं पाणी धारेनं मातीवर ओतायचं आणि ते कुठं जातं ते बघत राहायचं, असं त्यांचं चाललं होतं.

"नाना, सभा सुरू झाली," मी म्हटलं.

"होऊ द्या. मी पाण्याला विचारतोय."

नाना धुळ्याला बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. पत्नी तिथंच वारली. पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी आमच्या जळगावात, मेहरूण तलावाच्या अंगाला घर घेतलं आणि एकटेच राहू लागले. आमची वाकडीतिकडी गल्ली बघून त्यांना पहिले आठ दिवस जेवण गेलं नाही म्हणे. "धुळ्यात बघा, गल्ल्या कशा दोरी लावून आखल्यात. तुमची गल्ली कोणी म्हशीच्या मागे चालून आखली?"

रस्त्यासाठी लोटा, तसं घरांसाठी त्यांच्या खिशात लिंबू. कोणाकडे चहाला गेले की आधी लिंबू फरशीवर ठेवायचे आणि ते घरंगळत कुठं जातं ते बघायचे. मग चहा. माझ्याकडे आले तेव्हा म्हणाले, "बाई, तुमचं स्वयंपाकघर पूर्वेला झुकलंय." त्या दिवसापासून कणीक मळताना परात आपली पूर्वेकडे निघालीय असं मला वाटतं. माझ्या भाचीला स्थळ आलं तेव्हा मुलाचं शिक्षण, पगार, पत्रिका सगळं सांगून झालं. नाना म्हणाले, "ते ठीक. मोरीचं पाणी कुठं जातं त्यांच्या?"

तर रविवारची सभा. आमच्या गल्लीत लग्न ठरलं की मुलीचा बाप मांडवाआधी मुरुमाच्या चार गाड्या रस्त्यावर टाकतो. पाहुण्यांचे पाय चिखलात जाऊ नयेत म्हणून. पद्धत चांगलीच. पण वीस-पंचवीस वर्षं लग्नं होत राहिली, आणि दर लग्नाला रस्ता बोटभर वर आला. गल्ली संपते तिथं, सगळ्यांत खाली, द्वारकाबाईंचं घर. त्यांचा उंबरा आता रस्त्याच्या खाली गेला होता. त्या पापड करून विकत आणि त्यावरच राहत. पावसाळ्यात घरात पाणी, पिठाचे डबे पाण्यात.

"गल्लीनं बठ्ठं लगीन मी जेवनू," त्या सभेत म्हणाल्या, "आनि बठ्ठा मुरूम मन्हा घरमा उना."

सगळी लग्नं त्या जेवल्या आणि सगळा मुरूम त्यांच्याच घरात आला, हे ऐकून लोक हसले, मग खाली बघू लागले. त्यात मुलींची लग्नं केलेले तिघे बाप होते.

म्युनिसिपालिटी नवा रस्ता करून द्यायला तयार होती, पण मोजमाप आणि अंदाजपत्रक कोणी करायचं यावर घोडं अडलं होतं. ते नानांनी अंगावर घेतलं. आठ दिवस लोटा घेऊन ते दारोदार बसले. मी कलमं लिहून काढली, कार्बन घालून चार प्रती केल्या. कलम पहिलं: नवे थर घातल्यावरही रस्ता दीड हात खाली राहील इतका जुना रस्ता उकरून काढणे. मग तळाला दगडाची सोलिंग, वर खडी, मुरूम, कडेला गटार. शेवटचं कलम: रस्ता खाली गेल्यानं ज्यांचे ओटे उंच राहतील त्यांच्या दारापुढे दगडी पायरी. घरांची यादी सोबत.

टेंडरं निघाली. तीन पाकिटं आली. म्युनिसिपालिटीत नानांच्या आणि माझ्या समोर लाखेची मोहर फोडून उघडली तेव्हा ठेकेदार हिरालालशेठचं सगळ्यांत स्वस्त. मी वाकून वाचलं. पहिल्या कलमापुढे शेठनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'जरूर नाही. जुन्या रस्त्यावरच नवा बसेल.'

बांधकाम समितीचे अध्यक्ष खूश. "पक्का रस्ता, तोही स्वस्त. आणखी काय पाहिजे?"

नवा थर वर चढला असता तर द्वारकाबाईंना घर सोडावं लागलं असतं. मी नानांकडे बघितलं. भांडतील असं वाटलं होतं. नाना हात जोडून म्हणाले, "साहेब, सही करण्याआधी गल्लीत एक कप चहा घ्या. शेठ, तुम्हीपण."

चहा द्वारकाबाईंच्या स्वयंपाकघरात. अध्यक्ष पांढरंशुभ्र धोतर नेसून पाटावर बसले, शेजारी शेठ. तिकडे गल्लीच्या वरच्या टोकाला नानांनी पखालवाला उभा केला होता. नानांनी दारातून रुमाल हलवला, त्यानं पखालीचं तोंड सोडलं. चहा अर्धा झाला असेल, तोच पाणी उंबरा ओलांडून आत आलं आणि सरळ पाटाखाली गेलं. अध्यक्ष धोतर सावरत उठले.

"बसा ना सायेब," द्वारकाबाई म्हणाल्या. "आम्ही पावसायामा असंच जेवतस."

शेठ ओरडले, "नाना, पाणी तुम्ही सोडलं आणि बदनाम माझं टेंडर!"

"मी फक्त सोडलं, शेठ. इथं यायला मी नाही सांगितलं त्याला."

टेंडरं पुन्हा मागवली. शेठनं पहिलं कलम धरून नवा भाव भरला, तरी त्यांचाच कमी निघाला. काम मात्र त्यांनी मन लावून केलं, हे नोंदवलं पाहिजे. पावसाळ्याच्या आत गल्ली दीड हात खाली गेली. द्वारकाबाईंचा उंबरा वर आला. त्या वर्षी त्यांचं पीठ कोरडं राहिलं. द्वारकाबाईंनी घरटी एक पापडांची चवड वाटली, नानांना दोन.

मग माझ्या लक्षात आलं. प्रत्येक उंच ओट्यापुढे पायरी बसली होती, फक्त नानांच्या दारापुढे नव्हती. त्यांचा ओटा अधांतरी. आणि गुडघा दुखरा. मी यादी काढून बघितली. त्यांचं घर त्यात नव्हतंच. चार प्रती माझ्या हातानं उतरवल्या, तरी दिसलं नव्हतं.

"नाना, तुमची पायरी?"

"मोजणाऱ्यानं आपल्या दारात म्युनिसिपालिटीचा दगड घालून घेऊ नये, बाई."

म्हणून गल्लीनं वर्गणी काढली. पहिला दगड आला. नाना म्हणाले, फुगीर आहे. दुसरा आला, तो त्यांना तिरका वाटला. तिसरा मी स्वतः निवडला, काचेसारखा सपाट. त्यावर पाणी ओतून ते बराच वेळ बसले आणि म्हणाले, "बघू."

मला राग आला होता, खरं सांगते. दुसऱ्या दिवशी शाळेला निघताना मी खिडकीतून बघितलं. नाना ओट्याच्या कडेला उभे होते. पोस्टमन आला, न सांगता त्यानं हात पुढे केला. नाना हळूच खाली उतरले. मग दोघं बोलत उभे राहिले. पत्र नव्हतंच, पण पोस्टमनच्या मुलाच्या तापाचं काय झालं, हे नानांना हवं होतं. खाली उतरून चांगली पाच मिनिटं झाली, तरी त्यांनी पोस्टमनचा हात सोडला नव्हता.

संध्याकाळी त्यांना वर चढवायला द्वारकाबाई येतात. सकाळी पोस्टमनला उशीर झाला तर मी जाते.

तिसरा दगड माझ्या भिंतीला टेकून आहे. पायरी कधी बसवायची, गवंडी दोनदा विचारून गेला. मी त्याला अजून दिवस दिलेला नाही.